गुलाबी बॉलला लागलेली बाही

तीन वर्षं आणि वर काही महिने तो घड्याळजी माझ्याकडे आला नाही. त्याची बाजू शहागंजातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, असं मी इतके दिवस समजत होतो. म्हणून आधी माझी सांगतो.

शहागंजच्या मागच्या गल्लीत माझं गोडाऊन आहे. बंद पडलेली हॉटेलं, मोडीत निघालेले क्लब, वाटण्या झालेली घरं, यांचं सामान मी घेतो आणि विकतो. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस मी. शहरात आलो तेव्हा हातगाडी ओढली. पुढचं सगळं बोलून मिळवलं. समोरचा तोंडानं काय सांगतोय आणि त्याला खरं काय हवंय, हे मला त्याच्या नजरेवरून कळतं, यावर माझा धंदा उभा आहे. रागीट आहे, तेही लपवत नाही. माझा आवाज चढला की चार दुकानं पलीकडं जातो. बाजारात त्याचा उपयोग झाला, घरात झाला नाही. बायको वारली. मुलगा पुण्याला असतो, कामापुरता फोन करतो, आणि काम त्याला फारसं पडत नाही.

गोडाऊनच्या आतल्या खोलीत बारा फुटी स्नूकरचं टेबल आहे. एका जुन्या क्लबचं सगळं सामान एकगठ्ठा घेतलं होतं, त्यात आलं. हिरव्या कापडाखाली दगडाच्या पाच लाद्या, पाय हत्तीसारखे. वाटलं होतं आठवड्यात जाईल. पण गिऱ्हाईक यायचं, कौतुकानं हात फिरवायचं आणि म्हणायचं, "लई मोठं हाय हो. छोटं पूलचं टेबल नाय का?"

त्याच सामानातलं भिंतीवरचं एक घड्याळ बघायला तो आला. औरंगपुऱ्यात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. वडील, आजोबा, सगळे घड्याळजीच. मी किंमत सांगितली. त्यानं ऐकलीच नाही. तो माझ्या खांद्यावरून मागं बघत होता.

"शेठ, हे टेबल असं उघडं टाकलंय? चादर तरी टाका यार."

"घ्यायचंय का?"

"माझ्या घरात मीच कसाबसा मावतो."

तरुणपणी तो एका क्लबात मार्कर होता. म्हणजे साहेब लोक खेळायचे आणि हा गुण लिहायचा, बॉल जागेवर ठेवायचा. ते गेल्यावर खेळायचा. सगळं शिक्षण असं उरलेल्या वेळात झालेलं. तो म्हणाला, "टेबल लावून घ्या, मी तुम्हाला शिकवतो. घड्याळ मला द्या." मी म्हणालो, शिकवणं किती दिवस ते आधी ठरव. तो म्हणाला, "तुम्ही मला हरवाल तोपर्यंत." सौदा मला बरा वाटला. मी दोन-तीन महिने धरले होते. त्याला पहिल्यांदा हरवायला मला चार वर्षं लागली, आणि तोवर घड्याळाचा विषय दोघंही विसरलो होतो. तुम्हीचं तू कधी झालं तेही आठवत नाही. 'शेठ' मात्र राहिलं, टोमणा म्हणून.

दर रविवारी चार वाजता तो यायचा. अकरा वर्षं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पंधरा लाल बॉल आणि सहा वेगळ्या रंगांचे. पांढऱ्या बॉलनं एक लाल टेबलाच्या खिशात घालवायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. लाल पुन्हा वर येत नाही, रंगीत येतो. चूक होईपर्यंत पाळी तुमची. आणि तुमची पाळी नसते तेव्हा तुम्ही खुर्चीत बसता. या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट ती खुर्ची आहे. कबड्डीत माणूस हरतो तेव्हा निदान धडपडत असतो. इथं समोरचा एकेक बॉल घालवत जातो आणि तुम्ही मांडीवर हात ठेवून आपलं हरणं बघत बसता. मला ते जमायचं नाही. मी उठायचो, फोन करायचो, हमालावर ओरडायचो.

त्यावर त्यानं मला मोबाईलवर मोठमोठ्या खेळाडूंचे सामने दाखवायला सुरुवात केली. खडूच्या डबीला फोन टेकवून ठेवायचा. कुणी घाईत खेळायचा, रिक्षा खाली थांबवून आल्यासारखा. कुणी एका शॉटसाठी टेबलाभोवती दोनदा फिरून यायचा. मी त्यांचे शॉट बघायचो. तो म्हणायचा, "शॉट नक्को बघू. तो दुसरा बसलाय ना, त्याला बघ. बारा मिनिटं झाली, पापणी नाय हलली. याला म्हणतात खेळाडू." जगज्जेते होऊन गेलेले लोक त्याला त्यांच्या बसण्यावरून ओळखता यायचे. हा पाणी पितो, हा नखं बघतो, हा टॉवेलची घडी घालतो. आपल्या देशातल्या कुणी जग जिंकलं की तो सोमवारी सकाळी पेढे घेऊन गोडाऊनला यायचा, जसं काही घरात पाळणा हलला.

पहिल्याच दिवशी त्यानं मला एक नियम सांगितला होता. खेळताना बॉलला हात, काठी, बाही काही चुकून लागलं तर पंचाची वाट बघायची नाही. आपणच सांगायचं.

मी विचारलं, "आणि कुणी बघितलंच नसलं तर?"

"मग तर सांगायचंच. कुणी बघितल्यावर सांगितलंस, त्यात तू काय सांगितलंस?"

मला हसू आलं होतं. आमच्या धंद्यात कपाटाला वाळवी असली तर ती घेणाऱ्यानं शोधायची असते. पण टेबलावर मी नियम पाळला. रविवारच्या खेळात पाळणं अवघड नव्हतं.

मग ती स्पर्धा आली. क्रांती चौकाजवळच्या एका स्नूकर पार्लरवाल्यानं भरवली होती, कुणीही भाग घ्यावा अशी. घड्याळजीनंच माझं नाव दिलं. स्वतःचं दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मला नक्को. गर्दीत मला खेळता येत नाय." मी त्यावर विचार केला नाही.

बटाट्याच्या पोत्यासारखा दिसणारा मी एकेक फेरी जिंकत अंतिम सामन्यात गेलो. तिथं वेस्टकोट घालायची अट होती. शहागंजातल्या लग्नाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून आणला, त्याबरोबर पांढरा सदराही. सदऱ्याच्या बाह्या मोठ्या होत्या. मला बघून घड्याळजी म्हणाला, "वा शेठ, नवरदेव! घोडी खाली उभी केली का?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. ते आमचं शेवटचं हसणं.

समोर एका बँकेतला अधिकारी होता, पस्तिशीचा, शांत. दोघांच्या दोन-दोन फ्रेम, म्हणजे डाव, झाले. पाचवीत थोडेच बॉल उरले होते. एक लाल टेबलाच्या पलीकडच्या अंगाला होता आणि तिथं पोचायला मला गुलाबीवरून वाकावं लागत होतं. मी एक पाय उचलून टेबलावर ताणलो. पंच माझ्या मागं होता, त्याला माझी पाठ दिसत होती. आणि शॉट मारायच्या आधी माझी बाही गुलाबीला लागली.

लागली का, असा प्रश्न नाही. कापडातून बॉल लागला की कळतं. कुणी केसाला हात लावल्यासारखं. बॉल हलला, किती तर नखाएवढा, आणि थांबला. मला कळलं. सांगितलं असतं तर सहा गुण त्या अधिकाऱ्याचे आणि पाळीही त्याची.

मी मान वर केली. समोर भिंतीशी खुर्च्यांची रांग होती, आणि माझा घड्याळजी पहिल्याच खुर्चीत होता. तो माझ्याकडं बघत होता. डोळे बारीक केलेले, मान थोडी पुढं, कपाळाला आठ्या. अकरा वर्षांत असा कधी बघितला नव्हता. मला वाटलं, यानं पाहिलं. हा आता वाट बघतोय, मी बोलतो का नाही.

मी शॉट मारला. लाल गेला. उरलेले एकेक करून घालवले आणि चार गुणांनी जिंकलो. लोक टाळ्या वाजवत होते आणि तो अजून तसाच, डोळे बारीक करून, टेबलाकडं बघत बसलेला. माझं डोकं फिरलं. चाळीसेक माणसांपुढं मी ओरडलो, "काय बघायलास रे टकमक? डोळे फुटले का तुझे?"

तो उठला. दाराशी जाताना एका खुर्चीला अडखळला. पुढच्या रविवारी आला नाही.

माझी तक्रार ही होती. अकरा वर्षं एका टेबलावर खेळलो. पाहिलं होतंस तर जवळ येऊन कानात सांगायचंस. मी चिडलो असतो, दोन दिवस शिव्या दिल्या असत्या, मग मानलं असतं. गिऱ्हाईकाचीही चूक मी तोंडावर सांगतो. हा न बोलता उठून गेला. न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि मला भांडणाशिवाय दुसरं काही येत नाही. मी फोन केला नाही. तो करेल म्हणून थांबलो. सौद्यात जो आधी बोलतो तो खाली येतो, हे मी आयुष्यभर पाळलं आहे.

टेबल विकायला काढलं, गिऱ्हाईकही आलं, मग मीच अवाच्या सवा किंमत सांगून ते घालवलं. रविवारी चार वाजता एकटा खेळायचो. दोन्ही बाजूंनी. एक पाळी माझी, एक त्याची. त्याच्या पाळीला मी त्याच्यासारखा हळू खेळायचो आणि माझ्या पाळीच्या वेळी त्याच्या खुर्चीत कुणी नसायचं. ज्याला हरवायचं तोच नसला की बॉल पडल्याचा आवाज फार मोठा येतो. खेळ झाला की दिवा मालवून पुढं यायचो आणि विकायला ठेवलेल्या कुठल्या तरी सोफ्यावर बसून चहा प्यायचो. सोफेही बदलत जायचे.

मागच्या महिन्यात मोबाईलवर एक सामना बघत होतो. परदेशातली मोठी स्पर्धा, मोठा खेळाडू. तो वाकला, थांबला, उभा राहिला आणि पंचाला काही तरी म्हणाला. मग जाऊन खुर्चीत बसला. समालोचन करणाऱ्यांनाही कळेना काय झालं. त्यांनी ते दृश्य तीन बाजूंनी पुन्हा दाखवलं. एकाही बाजूनं बॉलला काही लागलेलं दिसलं नाही. तो मात्र सांगून खुर्चीत जाऊन बसला होता आणि दुसरा खेळत होता. मी फोन पालथा घातला.

सोमवारी औरंगपुऱ्यात गेलो. दुकान तेच होतं, पण टेबलाशी भिंग लावून त्याचा चाळिशीतला पुतण्या बसला होता. तो स्वतः दाराशी स्टुलावर होता. हातात घड्याळ नाही, अवजार नाही. माझ्याकडं तोंड करूनही ओळख दाखवली नाही. मला वाटलं, राग आहे अजून.

"काय भाई," मी म्हणालो.

तेव्हा तो दचकला. "शेठ? तू इकडं कशी वाट वाकडी केलीस?"

"एक सांगायचंय. त्या दिवशी माझी बाही गुलाबीला लागली होती. मला कळलं होतं. मी बोललो नाही."

इतकं बोलायला मला तीन वर्षं लागली होती. मी समोर बघत उभा राहिलो.

"मला कायको सांगतोस?"

"तू बघितलं होतंस."

"मी?" तो हसला. पुतण्यानं भिंग काढून वर बघितलं. "अरे पागल, मला त्या दिवशी गुलाबी दिसतच नव्हता. लाल, ब्राउन, गुलाबी, सगळं एक. मी डोळे ताणून बघत होतो की हा नेमका मारतोय कशाला."

काचबिंदू. स्पर्धेच्या वर्षभर आधीपासून त्याला कडेचं दिसेनासं झालं होतं, रंगही एकमेकांत मिसळायला लागले होते. रविवारी माझ्यासमोर खेळताना तो बॉलच्या जागा आधी पाठ करायचा. टेबलाभोवती दोनदा फिरायचा, आणि मी म्हणायचो, बघा, जगज्जेते आले. बाहेर कुणालाच त्यानं सांगितलं नव्हतं. डोळे जातायत अशा घड्याळजीला घड्याळ कोण देणार? चार-पाच वर्षं अशीच हातानं, सवयीनं काढता येतील, तोवर पुतण्या तयार होईल, असा त्याचा हिशेब होता.

"आणि तू," तो म्हणाला, "भरी महफिल में ओरडलास. डोळे फुटले का. मला वाटलं तुला कळलं. तुला सगळ्यांचं कळतं ना? तूच सांगत फिरायचास. मला वाटलं, याला कळलं अन् यानं चाळीस लोकांत सांगून टाकलं. माझीच गिऱ्हाइकं होती तिथं. दुसऱ्या दिवशी एक जण आला, बापाचं घड्याळ परत घेऊन गेला. म्हणाला, घाई नाय भाई, राहू द्या. समजलो मी."

"मला माहीत नव्हतं रे."

"आता कळतंय ते. तवा कुठं कळलं?"

मी आयुष्यात कुणाची माफी अशी मागितलेली नाही. मागायची कशी तेही नीट माहीत नाही. मी म्हणालो, चुकलो. ते फार लहान वाटलं, म्हणून पुन्हा म्हणालो. मग नेहमीच्या सवयीनं लगेच पुढचं बोललो, "रविवारी ये. मी तुला रंग सांगतो. तसं नियमातच आहे, खेळाडूला पंचाला रंग विचारता येतो. तू विचार, मी सांगतो."

"नक्को. खेळाचं नाव नक्को काढू माझ्यापुढं." तो हात झटकत म्हणाला. मग थोड्या वेळानं, "अन् ते सहा गुण माझे होते का? ज्याचे होते त्याला सांगितलंस?"

खरं सांगतो, तीन वर्षांत मला त्या बँकवाल्याची आठवण एकदाही आली नव्हती. त्याचा चेहरासुद्धा नीट आठवेना.

पार्लरवाल्याकडून बँकवाल्याचा नंबर मिळाला. त्याची बदली लातूरकडं एका तालुक्याच्या गावी झाली होती. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला, कोण ते सांगितलं, आणि बाहीचंही सांगितलं. पलीकडून नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज येत होता. तो म्हणाला, "एक मिनिट हं काका," आणि बाहेर आला असावा, कारण आवाज थांबला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी बघितलं होतं."

"तुम्ही? मग बोलला का नाही साहेब?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. नियम तसा आहे ना. मग तुम्ही मारलाच शॉट. त्यानंतर मी बोलणं बरं दिसलं नसतं."

तो कुठं बसला होता ते तेव्हा मला आठवलं. माझ्या डाव्या हाताला, खुर्चीत, मांडीवर हात ठेवून. मी ज्याच्याकडं बघत होतो त्याला काही दिसत नव्हतं, आणि ज्यानं पाहिलं त्याच्याकडं माझी मानच वळली नव्हती. नजरेवरून माणूस ओळखण्याचा माझा एवढा धंदा.

स्पर्धेचा कप पाठवतो म्हणालो. त्यानं नको म्हटलं, घरात जागा नाही. अजून खेळता का, असं विचारलं. मी म्हणालो, खेळतो. कुणासोबत, ते त्यानं विचारलं नाही. त्याच्या गावात टेबल नव्हतं, त्याचं खेळणं सुटलं होतं. मी म्हणालो, इकडं आलात तर या, टेबल चांगलं आहे. तो "हो, नक्की" म्हणाला. दुकानाची पायरी उतरताना गिऱ्हाईक असंच म्हणतं. ते परत येत नाही, हे मला अनुभवानं माहीत आहे.

संध्याकाळी औरंगपुऱ्यात जाऊन हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. "चांगला माणूस होता बिचारा," एवढंच म्हणाला. मी उठलो. टेबलाचा विषय काढायचा नाही, असं ठरवून आलो होतो, आणि काढला नाही.

पायरीवर होतो तेव्हा त्यानं हाक मारली.

"शेठ. रविवारी पुतण्या सासुरवाडीला असतो. दुपारी डोळ्यांत थेंब घालायला कुणी नसतं. मला स्वतःला जमत नाय, अर्धी बाटली गळ्यात जाते."

"किती वाजता?"

"चारला घालायचे असतात."

चार रविवार झाले, जातो. तो खाटेवर मान मागं टाकून पडतो. मी एका हातानं पापणी धरतो, दुसऱ्यानं बाटली. त्याचा डोळा वर छताकडं लागलेला असतो, आणि इतक्या जवळून बघूनही त्यात काय आहे ते मला सांगता येत नाही. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. तो पडून राहतो, मी बसून राहतो. फारसं बोलत नाही. जुनं काही मी काढत नाही, तोही काढत नाही. गोडाऊनला परतल्यावर आतल्या खोलीचा दिवा आता लावत नाही.

काल पहिला थेंब चुकला, कानशिलावरून ओघळला.

"एवढा कपवाला तू," तो डोळा न मिटता म्हणाला, "आणि एवढ्या जवळनं एक थेंब जात नाय?"

"हलू नको," मी म्हणालो, आणि पुन्हा बाटली धरली.